फोटोतलीच पाटी हवी

बाबांच्या नावाची पाटी विकली गेली. आता हे झालेलंच नाही असं धरून पुढचं वाचा. आमच्या घरात सगळे तसंच धरून जेवतात.

तर वैभवने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, नोकरी सोडून ऑनलाइन दुकान काढलं. काय विकायचं तेवढं ठरायचं होतं. नायगावची आमची चाळ पाडल्यापासून तिथे टॉवर होईपर्यंत आम्ही लालबागला भाड्याने राहतोय. मोबाइलवरचा एक गुरू सांगत होता, लोकांचा त्रास शोधा, प्रॉडक्ट आपोआप सापडेल. वैभवने घरातूनच सुरुवात केली.

"आई, तुला त्रास कसला आहे?"

"तुझा."

हे विकण्यासारखं नव्हतं. मसाला म्हणावा, तर आमच्या बिल्डिंगमध्ये ऑनलाइन मसाला न विकणारं एकच घर होतं, आणि त्या बाई वारल्या होत्या. गुडघ्याचे पट्टे मागवले, ते आईच घालून बसली.

मग त्याची नजर कपाटावरच्या पाटीवर गेली. 'कुशाबा धोंडू परब'. पत्र्यावर, हिरव्या रंगात. बाबांच्या मिलमधल्या पेंटरने साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, उरलेल्या रंगात काढून दिलेली. मिल गेली, चाळ गेली, पाटी मात्र बाबांनी स्वतः स्क्रू काढून आणली. भाड्याच्या दारावर लावायला त्यांचा साफ नकार. "हयसर आपला दार खंय आसा?" टॉवरमध्ये गेलं की आधी पाटी, मग दूध उतू घालायचं, हे त्यांनी आईला बजावून ठेवलेलं.

"चाळीच्या पाट्या!" वैभव ओरडला. "अनू, माणूस टॉवरमध्ये गेला की त्याला चाळ आवडायला लागते. नवा पत्रा, जुना लूक, नाव ज्याचं त्याचं."

"आणि गंज?"

"गंजाचे एक्स्ट्रा."

नमुना म्हणून त्याने बाबांच्या पाटीचा फोटो टाकला. ॲपने स्टॉक विचारला. याने 'एक' लिहिलं. धंद्यात एवढं खरं कोणी बोलत नाही.

ऑर्डर आली वरळीच्या एका टॉवरमधून. कोणाचं नाव काढू, असं वैभवने ॲपवर विचारलं. उत्तर आलं: फोटोतलीच पाटी हवी, ऑथेंटिक आहे, घरातल्या बारवर लावणार.

नाही म्हणावं, तर पहिलीच ऑर्डर रद्द केल्यास दुकान कोणाला दिसणारच नाही, असं ॲप बजावत होतं. वैभव तोंड पाडून बसला. बाबांनी विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. मला वाटलं, आता चप्पल उडणार.

"एक आसा म्हणान तूच लिवलंस?"

"हो, बाबा."

"मगे दी. लिवन दिलेला फिरवूचा नाय. तुझा दुकान चालूक व्हया."

त्यांनी बनियनने पाटी पुसली. मी पेपरात गुंडाळत होते, तेव्हा तेवढंच म्हणाले, "नाव वर ठेव गो. दाबात."

चार दिवसांनी एक स्टार आला. 'पाटी जुनी आहे. वर दुसऱ्याच कोणाचं तरी नाव आहे.' ॲपने गिऱ्हाइकाला ताबडतोब पैसे परत केले आणि कळवलं की वस्तू किरकोळ असल्याने परत पाठवायची गरज नाही, टाकून द्या. आम्हाला ॲप गिऱ्हाइकाचं नाव दाखवत नाही, फ्लॅटही नाही. फक्त टॉवर माहीत. वैभव तिथे गेला. वॉचमनने विचारलं, किसके पास जाना है?

याच्याकडे एकच नाव होतं. "कुशाबा परब."

"इस नाम का यहाँ कोई नहीं रहता."

वैभव गेटवरूनच परत आला. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मग मी ॲपच्या तक्रारीच्या रकान्यात लिहिलं:

महोदय, सदर ऑर्डरमधील पाटी ग्राहकाने टाकली असल्यास ती कोणत्या कचऱ्यात टाकली, हे कळविण्यात यावे. टाकली नसल्यास, ती आमच्या ताब्यात परत येईपर्यंत सदर फ्लॅटमध्ये कुशाबा धोंडू परब राहतात असे समजण्यात यावे, व वॉचमनला तशी लेखी सूचना देण्यात यावी, ही विनंती.