काटा पन्नासवर होता

मी एक जुना टायर आहे. एका अंगणात नळापाशी आडवा पडलो आहे. माझ्या कुशीला वीतभर चीर आहे आणि पोटात साचलेलं पाणी...

थांबा. ही सुरुवात नको. अशाने तुम्हांला माझी दया येईल. पुन्हा सांगतो.

मी एक जुना टायर आहे आणि माझ्यामुळे एक खरं बोलणारा माणूस खोटा ठरला.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात झाला. आम्ही चौघे भाऊ एका दांडग्या गाडीला लागलो. ती गाडी लवकरच मोडीत निघाली आणि आम्ही जुन्या टायरांच्या दुकानात आलो. तिथे दोन वर्षं एकावर एक रचलेले होतो. गिऱ्हाईक यायचं, माझ्या नक्षीत नख घालून बघायचं, म्हणायचं, "माल चांगला आहे, पण आपल्याला मोठा होतो." आणि पुढे जायचं.

मग एक जोडपं आलं. तो स्वतःची पिकअप चालवायचा. ती सामान बांधायची. सुताराच्या कारखान्यातून कपाटं, पलंग उचलायचे आणि लोकांच्या घरी पोचवायचे, हा दोघांचा धंदा. कारखान्याची वाट सगळी दगडांची. गाडीचं पोट घासायचं. इंजिनाखालचं तेलाचं भांडं दोनदा फुटलं होतं, म्हणून त्यांना उंच चाकं हवी होती. नवी घेण्याची ऐपत नव्हती. दुकानात जुने सेट तीन होते. बेताच्या मापाचा झिजलेला होता, दुसऱ्याला भेगा होत्या. उरलो आम्ही. कुणालाच नको, म्हणून स्वस्त.

"एवढे उंच?" ती म्हणाली. "अहो, गाडीत चढायला शिडी लागेल मला."

"देतो की करून. सुताराकडेच तर जातो आपण."

दुकानदार म्हणाला, "वळताना घासतील थोडे. मडगार्डचा पत्रा कापून देतो. आणि मीटर आता कमी दाखवेल हं."

"कमी दाखवेल? मग बरंच की! विकताना गाडी तरणी दिसेल."

तिघंही हसले.

मित्रांनो, हे हसणं मला इथेच थांबवायचं आहे. आपण मीटर हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतो. गाडी किती धावली ते सांगणारा आकडा, तोही मीटर. किती वेगाने धावते आहे ते सांगणारा काटा, तोही मीटर. दुकानदार बोलला काट्याबद्दल. चालकाने ऐकलं आकड्याबद्दल. आणि आकडाही कमी दाखवणार होताच, त्यामुळे विनोद चुकला नव्हता. चुकला नाही म्हणून कुणी दुरुस्त केला नाही.

काटा चाकाचे फक्त फेरे मोजतो. चाकाची उंची त्याला कुणी सांगत नाही. मी जुन्या चाकापेक्षा अर्धी वीत उंच. एका फेऱ्यात जास्त रस्ता ओलांडायचो. काट्याने पन्नास दाखवलं की गाडी साठाला टेकलेली असायची.

सुरुवातीचे महिने माझ्या कौतुकाचे होते. दगड पोटाला लागेनात. तो मला रोज हाताने थोपटायचा. तिची मात्र एक अट होती. कपाटं मोठी असली की ती मागे हौद्यात बसून ती धरायची, आणि म्हणायची, "उतारावर पन्नासच्या वर नाही. काटा वर गेला तर मी उतरून चालत येईन."

"नाही जाणार. शब्द दिला."

तो शब्द त्याने पाळला. मला माहीत आहे, मी खाली होतो.

आता उतार. भर दुपार. हौद्यात चार कपाटं आणि ती.

काटा: पन्नास.
वळणावरची पाटी: पन्नास.
मी:

मी साठावर होतो. वळण मला पेललं नाही. कडेच्या दगडी कठड्याने माझी कूस फाडली, गाडी कलली आणि कपाटं तिच्यावर गेली.

ती वाचली. कमरेखालचं अंग मात्र लुळं पडलं. खाटेवर पडून असते, आणि खाट अंगणाकडच्या खिडकीशी आहे म्हणून मला सगळं ऐकू येतं.

"आईशपथ सांगतो, काटा पन्नासवर होता."

"मी मागे बसले होते. मला वारा लागत होता. पन्नासचा वारा मला कळतो."

"अगं, मी काट्याकडेच बघत होतो."

"तुम्ही शब्द दिला होता."

रोज हेच चाललं होतं. मग एक दिवस तिने उत्तर देणं सोडलं. तो शपथ घेतो, तिला कुशीवर वळवतो, तिची पाठ पुसतो. ती भिंतीकडे बघते. दोघंही खरं बोलतात, आणि त्यांच्यामध्ये मी आहे. मला तोंड नाही.

दुकानदाराने माझ्या जागी माझ्याच मापाचा चौथा टायर आणून बसवला. तो मीटरबद्दल काही बोलला नाही. विसरला असेल, किंवा आठवलं म्हणूनच गप्प राहिला असेल.

मागच्या आठवड्यात गाडी विकायला काढली. गिऱ्हाईकाने चाकांना लाथ मारून बघितली. "उंच आहे, झकास! मीटर वगैरे बरोबर चालतं ना?"

"एकदम बरोबर," तो म्हणाला. काट्याबद्दल त्याचा खरोखरच तसा विश्वास आहे.

तेवढ्यात खिडकीतून तिचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी.

"मीटर चांगलं आहे हो भाऊ. चालवणारा खोटा आहे."

तोवर तिने त्याला कधी एकेरी म्हटलं नव्हतं. त्याने किल्ली देऊन टाकली आणि आत जाऊन तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

मित्रांनो, माझे तिघे भाऊ त्या अनोळखी माणसाला घेऊन गेले आहेत. तो काट्याकडे बघून जपून गाडी चालवत असेल. तुमच्या घरच्या गाडीला कुणी मोठी चाकं लावली, तर तिचा काटा मोजून जुळवून घ्या. हसू आलं, तरी विचारा, कोणतं मीटर? तो माणूस भेटला, तर त्यालाही सांगा. आणि मग या अंगणात येऊन, खिडकीपाशी उभं राहून, तिलाही.