आत उघडणारं दार

मिस्त्रींच्या हातचं दार कधी कुरकुरलं नाही, असं त्यांच्याकडून काम करून घेतलेली माणसं अजूनही सांगतात. पण सदुसष्टाव्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय असे काही रुसले की मनधरणीला दाद देईनात. लोकांच्या घरांना दारं लावणारा माणूस स्वतःच्या बाथरूममध्ये जायला बायकोच्या खांद्यावर हात ठेवू लागला. बायको पासष्टीची, अंगानं काडी. तोल गेला तर कोण कोणाला सावरणार, हा प्रश्नच होता.

मिस्त्रींना स्टुलावर बसवून ती त्यांच्या अंगावर पाणी घालायची, तेवढा वेळ ते बाथरूमकडे कारागिराच्या नजरेनं बघत. लेकानं तीन वर्षांपूर्वी हौसेनं घातलेली फरशी, आरशात बघावं अशी गुळगुळीत. उठताना बायको टॉवेलच्या दांडीला धरायची, आणि ती दांडी दोन बारक्या स्क्रूंवर लटकलेली. सगळ्यात वाईट म्हणजे दार. ते आत उघडायचं.

"अगं, तू इथं आत पडलीस ना, तर तूच दाराला आडवी होशील," ते एकदा म्हणाले. "बाहेरच्याला दार ढकलायचं म्हणजे तुझ्यावरच ढकलायचं."

"शुभ बोला की नाऱ्या," ती हसून म्हणाली आणि त्यांच्या डोक्यावर तांब्या ओतला.

त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर डाव्या हातानं, लहान मुलासारख्या वेड्यावाकड्या रेघांनी नकाशा काढला. कमोडच्या डाव्या बाजूला एक मजबूत दांडा, नळाजवळ दुसरा, खाली खरखरीत फरशी. बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडायचं. रात्री जेवताना त्यांनी तो कागद लेकापुढे सरकवला.

लेकानं बघितला. "बाबा, नवीन टाइल्सना भोकं पाडायची?"

"आणि दार बाहेर उघडलं तर फ्रीजला आपटेल," सून म्हणाली. फ्रीज बाथरूमसमोरच्या बोळात होता.

"फ्रीज हलवा."

"कुठं हलवणार? स्वयंपाकघरात जागा आहे का?"

"दांडे लावले की घराचं हॉस्पिटल होतं हो बाबा," लेक म्हणाला. आवाज काही वाईट नव्हता त्याचा. "बघू, या रविवारी बघू."

तो रविवार काही उगवला नाही. एकदा लेकाला ऑफिसचं काम निघालं, एकदा सुनेच्या माहेरी जायचं होतं, एकदा नुसताच कंटाळा आला. मिस्त्री मागे लागले की बायको म्हणायची, "किती भुणभुण कराल? दमून येतो तो." शेवटी मिस्त्रींनी आपल्या जुन्या जोडीदाराला, एका सुताराला, परस्पर फोन केला. तो बिचारा पिशवी घेऊन दारात हजर झाला. सुनेनं चहा दिला आणि ती म्हणाली, "हे घरी असताना या हं." सुतारानं मिस्त्रींकडे बघितलं, मिस्त्रींनी खाली. चहा पिऊन तो गेला तो गेलाच. असे आठ महिने निघाले.

मग एके दिवशी सकाळी, लेक आणि सून कामावर गेल्यावर, बायको अंघोळीला गेली. कडी ती लावायची नाही, एवढं तिनं मिस्त्रींचं ऐकलं होतं. आधी टॉवेलची दांडी खणखणत पडली. मग ती पडली.

मिस्त्री काठी टेकत कसेबसे बोळात पोचले. डाव्या खांद्यानं दार लोटलं. चार बोटं उघडलं आणि आतून ती किंचाळली, "ढकलू नका हो! पाय, माझा पाय!"

त्या चार बोटांच्या फटीतून त्यांना तिची ओली पाठ दिसत होती. दाराला लागूनच, कमोड आणि भिंतीच्या मध्ये ती अडकली होती. बिजागऱ्या आतल्या बाजूला. हत्यारांची पिशवी माळ्यावर. हत्यार हाती आलं असतं तरी ते धरणारा हात कुठं होता? त्यांनी लेकाला फोन लावला. "निघतोच," लेक म्हणाला, पण त्याला यायला तास लागणार होता. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बस ड्रायव्हरला हाका मारल्या.

ड्रायव्हर धावत आला आणि आल्या आल्या दारावर लाथ उगारली.

"खबरदार!" मिस्त्री ओरडले. "आत माणूस आहे. माळ्यावरून पिशवी काढ. पटाशी घे, हातोडी घे. दाराच्या वरच्या फळीची पट्टी उचकट. तिथं नाही, कोपऱ्यातून. अरे, तिरपी धर ना!"

ड्रायव्हरनं आयुष्यभर स्टिअरिंग धरलेलं, पटाशी त्याच्या हातात नाचायला लागली. मिस्त्रींना जे दहा मिनिटांचं काम होतं त्याला पाऊण तास लागला. तेवढा वेळ मिस्त्री भिंतीला टेकून बसले होते, फटीतून डावा हात आत घालून तिचे केस चाचपडत. ती सारखी म्हणत होती, "थंडी वाजतेय." ते सारखे म्हणत होते, "झालंच." शेवटी फळी निघाली. ड्रायव्हरनं आधी डोळे मिटून चादर आत टाकली आणि मग वरून आत उतरला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा पायावर उभी राहिली नाही. बाहेरच्या खोलीत तिची खाट पडली, आणि आता सगळं खाटेवरच.

लेकानं मात्र ती दवाखान्यात असतानाच माणसं लावली. आठ महिन्यांत जे झालं नाही ते आठ दिवसांत झालं. फरशी खरखरीत आली, दांडे आले, भिंतीला दुमडून ठेवायची बैठक आली, दार बाहेर उघडू लागलं. फ्रीज स्वयंपाकघरात गेला आणि असा बसला, जणू जन्मापासून तिथंच होता.

मिस्त्रींनी पहिल्यांदा तो दांडा धरला तेव्हा त्यात खोट शोधली. सापडली नाही. उंची बरोबर, पकड बरोबर, हलवून बघितला तर डोंगर. काम वाईट असतं तर रागाला काहीतरी धरायला मिळालं असतं.

"जमलंय ना बाबा?" लेकानं बाहेरून विचारलं.

"जमलंय," मिस्त्री म्हणाले. "दाराचं तर दोन तासांचं काम होतं."

लेकाचा चेहरा उतरला. मग लाल झाला. "माझंच चुकलं, मान्य. पण मुळात ते दार आत उघडणारं बसवलं कुणी? मी बसवलं का?"

तेही खरंच होतं. तीस वर्षांपूर्वी मिस्त्रींनी स्वतःच ते तसं बसवलं होतं, बोळात दाराची अडचण नको म्हणून. म्हाताऱ्या माणसाचा विचार तेव्हा डोक्यातच नव्हता, कारण घरात म्हातारं कुणी नव्हतं.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बायको खाटेवरून प्रत्येकाला सांगायची, "आमच्या लेकानं बाथरूम काय करून घेतलंय! जा, बघून या. आजकाल कोण करतं एवढं आईबापासाठी?" लोक बघून यायचे आणि लेकाची पाठ थोपटायचे. लेक मान खाली घालून उभा राहायचा. आई पडली कशी, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "माझाच धांदरटपणा."

एकदा पाहुणे गेल्यावर मिस्त्रींना राहवलं नाही. "त्या बाथरूममध्ये तू एकदा तरी गेलीस का? कशाला खोटं गातेस? उद्या कुणी आलं तर मी खरं काय ते सांगणार आहे."

तिनं दाराकडे बघितलं, सून स्वयंपाकघरात आहे याची खात्री केली आणि आवाज उतरवला.

"तुम्ही सांगाल आणि मोकळे व्हाल. मग माझं कोण करणार? तुमच्या एका हातानं मला कूस तरी बदलता येते का? मला दिवसातून चार वेळा उचलतात ती ही दोघं. त्यांचा अपमान केलात तर तो माझ्या अंगावर निघेल. तोंडानं नाही बोलणार, पण हात जड होतात हो माणसाचे." ती दमली, थोडं थांबली. "मला कळत नाही का काय झालं ते? पाऊण तास मीच होते ना आत?"

मिस्त्रींनी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

पुढच्या आठवड्यात सुनेकडची माणसं आली. चहा झाला. बायको उशीवरून मान उचलून म्हणाली, "अहो, यांना आपलं बाथरूम दाखवा ना."

मिस्त्रींनी काठी घेतली. ते पुढं, पाहुणे मागं. बोळात पोचल्यावर त्यांनी दिवा लावला, डाव्या हातानं दार बाहेर ओढलं आणि पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून स्वतः बाजूला झाले.

"हे सगळं आमच्या मुलानं केलं," ते म्हणाले.