ज्युबिलीचं शिंग

"गालानं नको रं, पोटानं फुंक!"

बाप जाऊन तीस वर्षं झाली, तरी हिरामणच्या कानात ती हाक ताजी होती. बाप गावाच्या पालखीपुढं शिंग फुंकत जायचा आणि देवळाच्या पायरीखाली थांबायचा. छप्पन साली दहिवलीच्या त्यांच्या वस्तीनं बुद्धाला वंदन केलं आणि ठरवलं, गावकीची कामं बंद, त्या कामांच्या वस्तू नदीत. हिरामण शिंग घेऊन नदीवर गेला, मोकळ्या हातानं परतला. लोकांनी तेवढंच पाहिलं. झुडपात लपवलेलं शिंग दोन दिवसांनी गवताच्या भाऱ्यातून माळ्यावर आलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्षातून एकदा तो त्याला चोरून हात लावायचा. शिंग कधी सुकलं नाही, तडकलं नाही. बड्या रेड्याचं असणार, अशी त्याची समजूत.

त्या वंदनाला आता पंचवीस वर्षं होत आली. विहारापुढच्या बैठकीत वाल्मिक गुरुजी म्हणाले, "यंदा आपली ज्युबिली!" शब्द वस्तीभर उधळला. पोरी ज्युबिली म्हणत लंगडी घालू लागल्या, पारूबाईच्या नव्या करडाचंही नाव ज्युबिली पडलं.

"पर गुरुजी, ज्युबिली म्हंजी काय वो?" हिरामणच्या बायकोनं, विमलबाईनं विचारलं.

"फार जुनी गोष्ट, काकू. यहुदी लोकांत मेंढ्याच्या शिंगाला तसलंच नाव होतं. दर पन्नासाव्या वर्षी ते फुंकायचे. आवाज कानी पडला की गुलाम सुटला, गेलेली जमीन परत, जो तो आपल्या घरी!"

"आपली पंचवीसच! मंग निम्मंच फुंकू!" कमळ्या ओरडला आणि हशा पिकला.

"फुंकशील रं, पर शिंग कुठाय? आपलं तर नदीत गेलं," गंगाबाई म्हणाली.

सगळ्यांनी हिरामणकडं पाहिलं. वस्तीचा जुना पंच तो. भर बैठकीत खोटा ठरला, तर उद्या त्याचा शब्द कोण ऐकणार? पण शिंगानं गुलाम सुटतो म्हणे! छातीत वारा भरल्यागत झालं. तो उठला.

"माजं शिंग नदीत नाय गेलं. मी खोटं बोललो. बापाचा श्वास व्हता त्यात, टाकवंना."

मग विमलबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. थांबेचना.

"आन पंचवीस वरसं त्याला तेल कोन लावत व्हतं वो? उंदीर?"