अठरा ओळींची भिंत

परांचीची शेवटची फळी उतरली, धुळीसाठी लावलेलं प्लास्टिक कुणीतरी ओढून काढलं आणि महिपतनं पाहिलं. भिंत वाकडी होती.

आणि वाकडी म्हणजे थोडीथोडकी नाही. काळ्या-पांढऱ्या सहा इंची लाद्यांच्या अठरा ओळी, त्यातली एकही धड नाही. एक ओळ डावीकडे उतरलेली, तिच्यावरची उजवीकडे, तिच्यावरची पुन्हा डावीकडे. काही लाद्या एका टोकाला फुगल्यासारख्या, काही चेपल्यासारख्या. तीही कुठे, तर ठाण्यातल्या बाळकुमच्या चकचकीत टॉवरच्या लॉबीत, लिफ्टच्या बरोबर समोर. येणाऱ्या-जाणाऱ्याची पहिली नजर तिथेच पडणार.

शेजारी प्रेम उभा होता. हातात जेवणाचा डबा, झाकण बंद.

"बाबा, बसली?" त्यानं विचारलं.

हा बापलेकांचा गेल्या नऊ वर्षांचा रिवाज. भिंत पुरी झाली की महिपत मिस्त्री दहा पावलं मागे जायचा, डावा डोळा मिटायचा आणि 'बसली' म्हणायचा. त्यानं बसली म्हटल्याशिवाय काम संपत नसे, आणि काम संपल्याशिवाय प्रेम डबा उघडत नसे. मग दुपारचे तीन वाजोत नाहीतर चार. कलावतीनं, म्हणजे त्याच्या आईनं, किती वेळा समजावलं असेल. पण प्रेमच्या डोक्यात एकदा क्रम ठरला की ठरला. तो अकरा वर्षांचा असताना ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी ऑटिझम हा शब्द सांगितला होता. आता तो अठ्ठावीसचा होता आणि आंबिवलीच्या त्यांच्या वस्तीत त्या शब्दाची जागा 'जरा वेगळा आहे' एवढ्यावर येऊन थांबली होती.

महिपतच्या नजरेचा मात्र ठाणे-कल्याण पट्ट्यात दबदबा होता. चाळीस वर्षं लाद्या बसवलेला माणूस. दोरी लावायच्या आधीच सांगायचा, मधली लादी दोन सूत वर आहे, आणि ती असायची. त्या नजरेचा त्याला गर्व होता, आणि तो लपवायची गरज त्याला कधी वाटली नाही. पण गुडघे गेले होते. उकिडवं बसणं बंद, असं डॉक्टरनं बजावलं होतं. म्हणून ही भिंत आयुष्यात पहिल्यांदा प्रेमनं एकट्यानं लावली. महिपत बाहेर रंगाच्या डब्यावर बसून फटीत भरायचा ग्राउट कालवत राहिला. ही भिंत पास झाली तर पुढच्या दोन विंगच्या लॉब्या प्रेमच्या हाताखाली, असं साइट इंजिनिअर रवींद्र बोलला होता. नाही झाली, तर जरा वेगळ्या असलेल्या मिस्त्रीला बाप घरी बसल्यावर कोण उभं करणार होतं? गेलं वर्षभर महिपत याच एका विचारानं पहाटे जागा होत होता.

"प्रेम, नीट बघ," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"बघितलं. सरळ आहे."

"अरे, शेंबडं पोरगं पण सांगेल वाकडी आहे म्हणून."

"नाही. सरळ आहे. दोरी लावू?"

महिपतनं हात झटकला. वाकडेपणा समोर नाचत असताना दोरी कसली लावायची? त्याला पोराचा राग आला आणि लगेच स्वतःचाही आला. आपण रोज एकदा तरी आत येऊन बघायला हवं होतं. गुडघ्याचं निमित्त करून बाहेर बसून राहिलो, आणि पोराला एकट्याला तोंडघशी पाडलं.

एवढ्यात रवींद्र आलाच. त्यानं भिंत पाहिली, डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढलं आणि पुन्हा घातलं. पाठोपाठ प्लंबर आले, इलेक्ट्रिशियन आले, रंगारी आले. फुकटचा तमाशा कोण सोडतो! एकानं मान तिरकी करून भिंत सरळ दिसते का ते बघण्याची नक्कल केली आणि बाकीचे हसले. प्रेमला हसण्याचा आवाज सोसत नसे. त्यानं डबा छातीशी धरला आणि अंगठ्यानं झाकणाची कड घासायला लागला.

"मिस्त्री, हे काय करून ठेवलंय?" रवींद्र म्हणाला. "तरी मी तुम्हाला बोललेलो, त्याच्या एकट्याच्या हातात देऊ नका."

"त्यानं नाही, मी लावली," महिपत म्हणाला.

आयुष्यभर ज्यानं दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव सांगितलं नाही, तो माणूस हे बोलून गेला. का, ते सांगायला नको. मिस्त्री म्हातारा झाला, नजर गेली, असं चार जण म्हणाले तरी त्याला चालणार होतं. पोराच्या नावावर डाग नको होता. पण खोटं बोलताना शेजारी कोण उभं आहे याचा त्याला विसर पडला.

"नाही," प्रेम म्हणाला. "मी लावली. चौदा तारखेपासून पंचवीस तारखेपर्यंत. बाबा बाहेर बसलेले."

"तू गप रे."

"बाबा बाहेर बसलेले," प्रेमनं पुन्हा सांगितलं, कारण खरं ते खरं.

रवींद्रनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. त्याला कोणी लावली याच्याशी देणंघेणं नव्हतं. चार वाजता आर्किटेक्ट अमृता मॅडम यायच्या होत्या, आणि उद्या सकाळी बिल्डरची माणसं. तो घड्याळाकडे बघत म्हणाला, की निदान पाचवी-सहावी ओळ आत्ताच फोडायला घ्या, दुरुस्ती चालू आहे एवढं तरी मॅडमना दिसू दे. मग बाकीची उतरवायची की नाही ते त्या ठरवतील. एवढं बोलून तो फोन कानाला लावून खांबापाशी गेला. पावणेतीन झाले होते.

महिपतनं छिन्नी-हातोडा उचलला. स्टुलावर बसताना गुडघ्यातून कळ गेली, पण त्याहून वाईट होतं ते पाठीमागे उभं होतं. त्याला वळून बघायचा धीर होत नव्हता. त्यानं पाचव्या ओळीतल्या पांढऱ्या लादीच्या कडेला छिन्नी लावली आणि हातोडा घातला. लादी तडकली. दुसरा घाव घातला, तिचे तुकडे खाली पडले. मग शेजारची काळी. मग तिसरी.

प्रेम ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. तो आकडे बोलत होता, हळू, एकसारखे. "सातशे पासष्ट. सातशे पासष्ट. सातशे पासष्ट."

चौथ्या लादीला छिन्नी टेकली आणि महिपतच्या हातासमोर एक दोरी आली. प्रेमनं ओळीच्या डाव्या टोकाच्या फटीत खिळा अडकवला होता. दोरी ताणत ताणत तो उजव्या टोकाकडे निघाला होता, आणि वाटेत बापाची छिन्नी आली म्हणून तिच्यापुढे नुसता उभा राहिला होता. डबा खाली जमिनीवर, भिंतीला समांतर ठेवलेला.

"बाबा, डोळे नको," तो म्हणाला. "हात लावा."

महिपत हातोडा चालवू शकत नव्हता, मध्ये पोर होतं. तो स्टुलावरून उठून बाजूला झाला, तशी प्रेमनं दोरी उजव्या टोकापर्यंत नेऊन ताणून धरली. नाइलाजानं त्यानं दोरीवर बोट ठेवलं आणि डाव्या टोकापासून चालायला लागला. डोळे सांगत होते की ओळ खाली उतरते आहे, आता दोरी सुटणार, आता फट दिसेनाशी होणार. बोट सांगत होतं की फट दोरीखालीच आहे. वीस फूट चालून तो दुसऱ्या टोकाला पोहोचला. दोरी फटीवरून केसभर हलली नव्हती.

त्यानं खिशातून टेप काढली. एका टोकाला जमिनीपासून पाचव्या ओळीवरच्या फटीपर्यंत मोजलं. सातशे पासष्ट मिलिमीटर. दुसऱ्या टोकाला मोजलं. सातशे पासष्ट. मध्ये मोजलं. तेच.

मग त्याला ती डॉक्टरीणबाई आठवली, सतरा वर्षांपूर्वीची, टेबलावर कागद सरकवणारी. कागदावर दोन रेघा होत्या. एकीच्या टोकांना आत मिटलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. कुठली मोठी? प्रेम म्हणाला, दोन्ही सारख्या. महिपतनं टेबलाखालून त्याच्या मांडीला चिमटा काढला होता, नीट बघ म्हणून. बाईंनी पट्टी लावली. रेघा सारख्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या की अशी काही मुलं तुकडा आधी बघतात आणि आख्खं चित्र नंतर. सगळीच मुलं नाहीत, प्रत्येक चित्रात तर नाहीच, पण इथे तुमचा मुलगा फसला नाही आणि तुम्ही फसलात. महिपतनं त्या दिवशी घरी आजाराचं नाव तेवढं नेलं. ही गोष्ट तिथेच टेबलावर राहिली. नंतरच्या सतरा वर्षांत त्यानं पोराला 'नीट बघ' किती वेळा म्हटलं असेल याचा हिशोब नव्हता. त्याला भयंकर लाज वाटली. तो टेपची पट्टी उगाच आत-बाहेर करत राहिला.

अमृता मॅडम चारऐवजी साडेतीनलाच आल्या. दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "अरे बापरे." रवींद्र पुढे होऊन सांगायला लागला की फोडायला घेतलीच आहे, मिस्त्रीचं वय झालंय, आणि तो मुलगा तसा जरा...

"मॅडम," महिपत मध्येच म्हणाला, "भिंत सरळ आहे. ही माझ्या मुलानं लावली. मला पण वाकडीच दिसते, आत्ताही दिसते. पण तुम्ही टेप लावा."

त्यांनी लावली. पाचवी ओळ, नववी, बारावी. मग मोबाइलवर लेव्हल काढून तो फटीवर धरला. मागे गेल्या, पुढे आल्या, एका ओळीला गाल टेकवून एका डोळ्यानं आडवं पाहिलं. तसं पाहिल्यावर ती सरळ दिसली आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलला. लाद्या ओळीओळीनं थोड्या सरकवून लावा आणि मधे राखाडी ग्राउट भरा, हे त्यांनीच फोनवर सांगितलं होतं. कॉलेजात त्यांना हे चित्र शिकवलं होतं म्हणे, काळे-पांढरे चौकोन सरकवले आणि मधली रेघ राखाडी ठेवली की डोळा फसतो. परीक्षेत लिहूनही आल्या होत्या. त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं, हे त्यांचं मोठेपण. चूक माझी आहे, मिस्त्रींची नाही, असं त्या रवींद्रकडे बघून म्हणाल्या. मग प्रेमकडे वळल्या.

"तुला ही वाकडी दिसत नाही?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"मी फट बघतो," प्रेम म्हणाला. "फट सरळ आहे."

भिंत राहील, असं ठरलं. ग्राउट पांढरा भरून बघू, डोळ्याला त्रास कमी होईल, ते सोमवारी. पुढच्या विंगचं काय, हे विचारायचं महिपतच्या जिभेवर आलं होतं. पण मॅडमच जाता जाता रवींद्रला म्हणाल्या की तिथल्या लाद्या यालाच लावू दे, आणि याची दोरी काय सांगते ते आधी विचारत जा. रवींद्रनं मान हलवली. बघे केव्हाच पांगले होते.

पाच वाजत आले होते. डबा तसाच जमिनीवर, बंद. प्रेम बापाच्या तोंडाकडे बघत उभा होता.

महिपत सवयीनं दहा पावलं मागे गेला. सवयीनंच डावा डोळा मिटला. अठरा ओळी त्याच्यासमोर होत्या तशाच डावी-उजवीकडे कलंडत होत्या. चाळीस वर्षांची नजर, आणि तिला एवढंही कळेना. त्यानं डोळा उघडला.

"मला नाही रे समजत," तो म्हणाला. "तू सांग. बसली?"

प्रेमनं भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, कारण हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "तीन लाद्या नाहीत."

त्या महिपतनंच फोडल्या होत्या. कोपऱ्यातल्या उरलेल्या खोक्यांतून त्यानं दोन पांढऱ्या आणि एक काळी लादी निवडली, फडक्यानं पुसली आणि एकेक करून पोराच्या हातात देत गेला, जसा हाताखालचा माणूस देतो. पांढऱ्या दोन्ही भिंतीतल्या लाद्यांपेक्षा वेगळ्या खोक्यातल्या होत्या, किंचित पिवळट. ते बाकी कुणाच्या लक्षात आलं नसतं. प्रेमच्या आलं. त्यानं त्या दोन वेळा उलटसुलट करून पाहिल्या, बापाकडे पाहिलं आणि नवा मसाला लावून बसवल्या. रबरी हातोडीनं ठोकल्या, फटीवर बोट फिरवलं.

"बसली," तो म्हणाला, आणि डबा उघडला.

महिपत त्याच्या शेजारी खाली बसायला गेला, पण गुडघ्यांनी ऐकलं नाही. मग प्रेमनं दिलेली चपाती-भाजी त्यानं उभ्यानंच खाल्ली, त्या वाकड्या दिसणाऱ्या भिंतीकडे तोंड करून.