माईच्या कलशातलं लाल पाणी

जूचंद्रच्या समाजमंदिराबाहेर चपलांचा ढीग पार रिक्षांपर्यंत गेला होता. आत सत्यवतीमाई गर्भवतींचे दोष उतरवत होत्या. तळहातावर भंडाऱ्याची हळद चोळायची, हात कलशातल्या नितळ तीर्थात बुडवायचा, की पाणी रक्तासारखं लाल! बायका हात जोडत, नवरे मोबाइल उंचावत.

"डॉक्टर सुई टोचून थेंबभर रक्त काढतो आणि रिपोर्ट उद्या देतो," माई सांगत. "देवी सगळं दूषित रक्त खेचते, रिपोर्ट जागेवर! सोनोग्राफीवाला फोटो काढतो, मी दोष काढते."

धोंडूबाई मुलगा धनेश आणि सून हेमांगीला घेऊन पुढेच बसल्या होत्या. आरोग्य केंद्रातल्या तपासणीचा मंगळवार त्यांनी चुकवला होता. हेमांगी सुईला घाबरायची. सुईशिवाय काम होतंय म्हटल्यावर सासूलाही बरंच वाटलं. हेमांगीला आठवा महिना, पाय सुजून चप्पल जाईना, चार दिवस डोकं ठणकत होतं.

हेमांगीचा हात बुडाला. पाणी लाल झालं.

"डोकं दुखणारच," माई म्हणाल्या. "दोष उतरतोय. आता कसल्या तपासणीची गरज नाही."

गर्दीने जयजयकार केला. धोंडूबाई मात्र पाण्याकडे बघत राहिल्या. तो रंग त्यांच्या ओळखीचा होता. धनेशच्या हळदीला अख्खी आळी माखली होती. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या सदऱ्यांना साबण लावला, तर पिवळे डाग असेच लाल पडले होते. तेव्हा मोरीला कुणी नमस्कार केला नव्हता.

त्यांनी ताटातली हळद उचलली, लेकाच्या तळहातावर चोळली आणि त्याचा हात नव्या कलशात बुडवला. पाणी लाल!

"माई, आमच्या धनेशला कितवा महिना?"

"पुरुषाचा हात! तीर्थ बाटलं!" माई किंचाळल्या.

"बाटलं तरी लालच झालं की पानी!" धोंडूबाईंनी आपली पानाची डबी उघडली, धनेशच्या दुसऱ्या हाताला हळद फासून त्यावर चुन्याचं बोट ओढलं. लाल रेघ उमटली. "तीर्थ नाय, चुन्याची निवळी हाय ही. हळदीला चुना लागला का लाल होनारच. कुंकू कसं करतात?"

हशा उसळला. तो ओसरेपर्यंत माई मागच्या दाराने गाडीत बसल्या होत्या.

धोंडूबाईंनी हेमांगीला तडक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टर रचनांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला, लघवी तपासली आणि त्या गंभीर झाल्या. रक्तदाब एकशे साठच्या वर, लघवीतून प्रथिनं जात होती. "आत्ताच मोठ्या हॉस्पिटलात न्या. अजून थांबला असतात तर झटके येऊन दोघांच्या जिवावर बेतलं असतं. मंगळवारी का नाही आलात?"

"मीच नाय आनली," धोंडूबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं हळदीचे डाग धुऊनही हे आधी सुचलं नाही, याची त्यांना फार लाज वाटली.

बाळ महिनाभर आधीच आलं, पण मायलेक वाचले. आता आळीत कुणाला दिवस गेले, की धोंडूबाई पेढ्याआधी तपासणीचं कार्ड मागतात.

"रक्तदाब कलशात दिसत नाय," त्या सांगतात. "पट्टा बांधूनच कळतो. सुईला भ्यायचं तर भ्या, पन जा."