किंजलचा न दिलेला जबाब

चिंचणीच्या मितेशला आपल्या पोरीचं कौतुक जरा जास्तच होतं, आणि तो ते लपवतही नसे. होतीच तशी किंजल. चौथं वर्ष सरायच्या आत ती पेपरातले मथळे वाचायला लागली. आता दुसरीत होती, तर बाईंनी गणिताच्या तासाला तिला चौथीत बसवलं होतं. एकदा तारापूरच्या अणुवीज केंद्रावरून स्कूटर जाताना तिनं विचारलं होतं, "पप्पा, आत अणू फुटतात तर आवाज का नाय येत?" मितेशनं पुढचे आठ दिवस चिकूच्या वाडीत येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवलं. जबाब त्यालाही ठाऊक नव्हता, पण त्याची त्याला लाज वाटली नाही.

कुणी पाहुणा आला की तो म्हणे, "विचारा, काय पण विचारा." आणि किंजल उभी राहून सांगे.

दिवाळीत थोरल्या भावाकडे, तारापूरला बळवंतकडे, सगळे जमले होते. जेवणं झाली, पानसुपारी झाली, आणि मितेशनं लेकीला मध्ये बोलावलं. बळवंतनं पडताळायला मोबाइल काढला आणि गणित घातलं, "एकोणतीस साते?"

"दोनशे तीन."

सगळ्यांनी वाहवा केली. बळवंत आपल्या मुलाकडे वळला. हर्षित सहावीत होता, दाराशी उभा राहून चकली खात होता. "बघ! तुझ्याहून केवढी लहान हाय ती. तुला कॅलकुलेटर देऊन पण जमायचं नाय."

किंजलच्या पुढच्या बरोबर जबाबाला बळवंतनं हर्षितच्या डोक्यात टपली मारली. पोरगा हसला, पण चकली त्यानं पुन्हा तोंडाला लावली नाही.

"आता सोपं घे," बळवंत म्हणाला. "पंधरा साते?"

किंजलनं हर्षितकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"नाय येत."

"अगं, नाय काय येत? कालच म्हणत होतीस!" मितेश पुढे सरसावला. "नीट आठव."

"नाय येत, पप्पा."

कुणीतरी हसलं. "दमली असंल पोर," दमयंतीवहिनी, हर्षितची आई, घाईघाईनं म्हणाली आणि सगळ्यांना चहा विचारू लागली. मितेशचे कान तापले. निघेपर्यंत तो कुणाशी धड बोलला नाही.

परतताना स्कूटरवर बायको हेमांगी मागे होती आणि किंजल पुढे, त्याच्या दोन हातांच्या मध्ये. गाव मागे पडल्यावर त्यानं विचारलंच, "पंधरा साते तुला येत नाय?"

"एकशे पाच."

"मग तिथं काय झालं?"

"मी बरोबर सांगितलं की काका हर्षितदादाला मारतात. मला वाटलं, चुकलं तर थांबतील."

मितेशनं स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली. हेमांगीनं विचारलं, काय झालं, पंक्चर? तो म्हणाला, काय नाय. हेल्मेटच्या आत त्याचे डोळे भरून आले होते. एवढ्या माणसांत बसून पोराचं पडलेलं तोंड त्याला दिसलं नव्हतं. ते दिसलं सात वर्षांच्या पोरीला, आणि तिनं त्यापायी आपला मान सोडून दिला. कुठल्याच बरोबर जबाबानं त्याची छाती एवढी फुगली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच बळवंतकडे गेला. "भाऊ, आजपासून आपल्या घरात परीक्षा बंद. चूक माझीच हाय, मीच तिला उभी करायचो." बळवंत आधी चिडला. माझ्या पोराला मी बोलणार नाय तर कोण, म्हणाला. मितेशनं मग किंजलचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "एवढं कळतं तिला?" बळवंत हळूच म्हणाला आणि आत जाऊन त्यानं हर्षितला हाक मारली.

पुढच्या रविवारी हर्षित सायकल घेऊन चिंचणीला आला. समुद्रावर ओल्या वाळूत तो किंजलला चालवायला शिकवत होता. ती पडत होती, रडत होती, पुन्हा बसत होती. "पायडल मार, खाली नको बघू!" हर्षित ओरडत मागे धावत होता.

"तुमच्या हुशार पोरीला सायकल येत नाय वाटतं?" मासे घेऊन चाललेल्या बाईनं मितेशला विचारलं.

"नाय ना," मितेश खुशीत म्हणाला. "दादा शिकवतोय तिला."