हरकत? ठक्!

दोनशे देशांची तोंडं मी एका ठोक्यात बंद करतो! जागतिक सभेच्या अध्यक्षांचा लाकडी हातोडा आहे मी, चेष्टा नाही. आता खरं सांगायचं तर निम्मी तोंडं आधीच झोपेने मिटलेली असतात, आणि उरलेली माझा आवाज ऐकून जांभईला उघडतात. पण रुबाब तो रुबाब.

एका सुताराने खुर्चीच्या उरलेल्या पायातून मला घडवलं. दांड्यावर डोकं बसवताना म्हणाला, "जरा सैल राहिलंय. चालतंय, सभेतच तर ठोकायचंय!" शाळा मी पाहिली नाही. भाषणं ऐकून एवढंच शिकलो, की 'माझे परममित्र' अशी सुरुवात करणारा पुढे नक्की खोड काढणार.

अध्यक्षाला मत नसतं. पण आधी कोण बोलणार, किती वेळ बोलणार, हे त्याच्या हातात. म्हणून तर खुर्चीसाठी झुंबड! खंडांची पाळी ठरलेली. ज्यांची पाळी, त्यांच्यातलं नाव पुढे येतं. जुना अध्यक्ष विचारतो, "कोणाची हरकत?" कोणी आपल्या देशाची पाटी टेबलावर उभी केली, तर चिठ्ठ्यांनी मतदान. नाही केली, तर मी ठक्, की झाली निवड.

यंदा मला वास आला. जुने साहेब दार लावून माझी तालीम घेत होते. "हरकत? ठक्! हरकत? ठक्!" मध्ये श्वासालाही जागा नाही. उमेदवार कोण, तर त्यांचा साडू. बायका सख्ख्या बहिणी, देश वेगळे.

त्याच खंडातून दुसरी इच्छुक होती एका चिमुकल्या बेटाची बाई. शिपाई तिला मावशी म्हणत. तिचं बेट समुद्र कुरतडतोय. नऊ वर्षं तिचा विषय यादीच्या तळाशी, आणि तळ गाठायच्या आत सभा संपते. खुर्ची मिळाली, तरच तो विषय वर येणार.

"अहो, पण ती पाटी उभी करेल ना?" साडूने विचारलं.

"करू दे की! मी कागदात बघणार. मला दिसलीच नाही, तर ती होती कुठे?"

सभा भरली. मावशीने पाटी उभी केली. साहेबांची मान कागदात. "हरकत?" म्हणत त्यांनी मला उगारलं, आणि माझ्यातला म्हातारा खोडकर जागा झाला. दांडा ठेवला त्यांच्या हातात, आणि डोक्याने मारली उडी! गडगडत थेट मावशीच्या पाटीपाशी. दोनशे देश खडबडून जागे. सगळ्यांच्या नजरा पाटीवर. आता साहेबांनी म्हणून दाखवावं, पाटी दिसली नाही!

चिठ्ठ्या पडल्या. मोजणाऱ्यांवरही माझा डोळा होताच. मावशी चार मतांनी निवडून आली.

हल्ली माझं डोकं सरसाने चिकटवलंय, पण प्रत्येक ठोक्याला करकरतं. मावशीचाही मला भरवसा नाही. त्या खुर्चीत बसलं, की भल्याभल्यांची मान कागदाकडे झुकते. तुम्हीही कोणावर विश्वास ठेवू नका बाबांनो. माझ्यावर तर मुळीच नको.

मला तिच्या हाती देताना साहेब पुटपुटले, "जपा हं मावशी. फितूर आहे हा. ऐन वेळी दगा देतो."

मावशीने मला उलटंपालटं करून पाहिलं. "मला कशाला देईल? मी आधी समोर बघेन, मग ठोकेन. पण तुमच्या मानेचं काय, साहेब? यायला लागली का वर?"